मावळात फिरायला बॉडी मोठी की लहान?

वन्यजीव छायाचित्रणासाठी कॅमेरा कोणता घ्यावा, याचे बरेचसे सल्ले ताडोब्याच्या जिप्सीत बसून दिल्यासारखे असतात. तिथे वजन गाडी वाहते, लेन्स बीन बॅगवर विसावते आणि फोटोग्राफर बसून वाघाची वाट बघतो. दीड किलोची बॉडी काय आणि पाऊण किलोची काय, खांद्याला फारसं कळत नाही. मावळात जिप्सी नाही. पुण्याहून लोकलने मळवलीला उतरायचं, भाजे गाव मागे टाकून चढायला लागायचं, किंवा लोणावळ्याहून राजमाचीची पंधराएक किलोमीटरची वाट धरायची. आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ ही तिन्ही खोरी खरी दिसतात ती पायी फिरणाऱ्याला. त्यामुळे ‘मोठी बॉडी घ्यावी की लहान’ या प्रश्नाचं जिप्सीतलं उत्तर इथे जसंच्या तसं लागू पडत नाही. त्यातून या प्रश्नाभोवती इतके गैरसमज साचले आहेत की आधी तेच बाजूला सारायला हवेत.

सगळ्यात पक्का रुजलेला समज म्हणजे मोठ्या बॉडीत मोठा सेन्सर असतो. ऑलिंपसने २०१९ मध्ये ई-एम१एक्स नावाचा कॅमेरा आणला. वजन जवळजवळ १ किलो, रुबाब एखाद्या क्रीडा छायाचित्रकाराच्या कॅमेऱ्याचा, आणि आत मायक्रो फोर थर्ड्स सेन्सर, म्हणजे १७.३ बाय १३ मिलिमीटरचा. सोनीचा २०२३ चा ए७सी २ बॅटरी-कार्डासह ५१४ ग्रॅमचा आहे आणि त्यात ३६ बाय २४ मिलिमीटरचा फुल फ्रेम सेन्सर बसतो. निम्म्या वजनात जवळपास चौपट क्षेत्रफळ. मग मोठ्या बॉडीत भरलेलं असतं तरी काय? मुख्यतः मोठी बॅटरी, उभा फोटो काढताना हाताशी येणारं दुसरं शटर बटण, जास्तीची बटणं आणि उष्णता पसरायला जागा. या सगळ्यांचा उपयोग होतो. पण फोटोचा दर्जा त्यातून येत नाही.

निकॉनची जोडी याचा चोख पुरावा आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेला झेड ९ बॅटरी-कार्डासह १३४० ग्रॅमचा, तर मे २०२३ मध्ये आलेला झेड ८ ९१० ग्रॅमचा. दोन्हींत ४५.७ मेगापिक्सेलचा तोच सेन्सर, तोच एक्स्पीड ७ प्रोसेसर आणि सेकंदाला २० रॉ फ्रेमचा तोच वेग. झाडावरच्या पक्ष्याचा डोळा हुडकून त्यावर फोकस धरून ठेवण्यातही धाकटा मागे नाही. ही चालही नवी नाही. जानेवारी २०१६ मध्ये निकॉनने डी५ आणि डी५०० एकदमच जाहीर केले, तेव्हा १४०० ग्रॅमच्या डी५ मधली १५३ बिंदूंची फोकस यंत्रणा ८६० ग्रॅमच्या डी५०० लाही मिळाली होती. पुढची कित्येक वर्षं पक्षी टिपणाऱ्यांच्या गळ्यात डी५०० दिसत राहिला, तो काही उगाच नाही.

झेड ८ कमी पडतो तो बॅटरीत. प्रमाणित चाचणीत व्ह्यूफाइंडर वापरून त्याचे सुमारे ३३० फोटो होतात, झेड ९ चे सुमारे ७००. हे आकडे वाचून अनेकजण घाबरतात. चाचणीत मात्र एकेक फोटो सुटा काढतात. पक्ष्यांचं काम बर्स्टमध्ये चालतं आणि तिथे एका बॅटरीवर हजाराच्या पुढे फ्रेम सहज निघतात. वर झेड ८ ची जादा बॅटरी जेमतेम ८० ग्रॅमची असते आणि कॅमेरा यूएसबी-सीमधून पॉवर बँकेवर चार्जही होतो. मध्ये न थांबता तासन्‌तास व्हिडिओ काढायचा असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे मोठी बॉडी आपले पैसे वसूल करते.

‘जड कॅमेरा हातात स्थिर राहतो’ हे वाक्य फोटोग्राफीच्या प्रत्येक वर्गात ऐकू येतं. त्यात तथ्य आहे, पण हिशेब अर्धाच मांडलेला असतो. निकॉनची १८०-६०० मिलिमीटरची झूम कॉलरसह २१४० ग्रॅमची. तिला झेड ९ लावला तर एकूण ३४८० ग्रॅम, झेड ८ लावला तर ३०५०. म्हणजे बॉडी बदलून एकूण वजनात फरक पडतो तो आठव्या हिश्श्याचा. बाकीचं सगळं ओझं लेन्सचं. शिवाय राजमाचीच्या रानातलं शेकरू डोक्यावरच्या फांद्यांत फिरतं. कॅमेरा वर धरून ते मोकळ्यात येण्याची वाट बघताना दोन-तीन मिनिटांत दंड भरून येतात, आणि थरथरणाऱ्या हातात जडपणाचा काहीच फायदा उरत नाही. तेवढ्यात शेकरू पुढच्या झाडावर गेलेलं असतं.

मोठ्या बॉडीचा खरा गुण वजनाहून पकडीत आहे. ग्रिप खोल असते, चारही बोटं नीट बसतात, आणि लांब लेन्सचा पुढे झुकणारा तोल थोडा मागे येतो. लहान बॉडीत अनेकांची करंगळी खाली लोंबकळत राहते आणि दिवसाअखेर मनगट बोलायला लागतं. यावर बॉडीच्या तळाला लावायची पट्टी किंवा बॅटरी ग्रिप मिळते. नको तेव्हा ती काढून ठेवता येते, ही सोय मोठ्या बॉडीत नाही. हाताचं माप प्रत्येकाचं वेगळं असल्यामुळे दुकानात फक्त बॉडी हातात घेऊन निर्णय करू नये. आपली लेन्स लावून पाच मिनिटं डोळ्याशी धरून बघावी.

क्रॉप सेन्सरचा घोळ याहून जुना. ‘५०० ची लेन्स क्रॉप बॉडीवर ७५० ची होते’ असं सर्रास सांगितलं जातं. लेन्स काही लांब होत नाही. सेन्सर लहान असल्यामुळे चित्राच्या कडा कापल्या जातात आणि मधला भाग मोठा दिसतो. निकॉनच्याच ४५.७ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम डी८५० चा फोटो तेवढाच कापला तर १९.४ मेगापिक्सेल उरतात. क्रॉप सेन्सरचा डी५०० मुळातच २०.९ चा. म्हणजे लोहगडावरून दूरच्या कड्यावर बसलेला बहिरी ससाणा दोन्हीकडे जवळपास तेवढ्याच पिक्सेलांत येतो. क्रॉप बॉडीचा खरा फायदा किमतीत आणि वजनात आहे. पोहोच वाढते असं म्हणायचं, तर आधी पिक्सेल किती दाटीने बसवलेत ते बघावं लागतं.

मग पहाटेच्या रानात, ओढ्याकाठच्या अंधारात शीळकरी कस्तूर टिपायचा तर प्रकाश कशावर ठरतो? इथे बॉडीवरची नजर काढून लेन्सच्या तोंडाकडे न्यावी लागते. फोकल लेंथला एफ-आकड्याने भागलं की प्रकाश आत घेणाऱ्या झरोक्याचा व्यास मिळतो. ६०० मिलिमीटर एफ/४ चा झरोका १५० मिलिमीटरचा. ऑलिंपसची ३०० मिलिमीटर एफ/४ त्यांच्या लहान सेन्सरवर ६०० एवढाच कोन दाखवते, पण तिचा झरोका ७५ मिलिमीटरचा. व्यास निम्मा म्हणजे पक्ष्याकडून येणारा प्रकाश चौथा हिस्सा. दुसरीकडे झेड ९ आणि निकॉनची ६०० एफ/४ मिळून साधारण ४६०० ग्रॅम होतात, तर त्याच लहान सेन्सरचा, ५९९ ग्रॅमचा ओएम-१ आणि ती ३०० एफ/४ कॉलरसह २१०० च्या आत. दोन स्टॉप प्रकाशाची किंमत अडीच किलो. घाट चढणाऱ्याने सौदा करायचा तो इथे.

आणि या दोघांच्या मधे एक वाट आहे, तिकडे लक्ष कमी जातं. २०२३ मध्ये निकॉनने ६०० मिलिमीटर एफ/६.३ ची प्राइम आणली, साधारण १४७० ग्रॅमची. झेड ८ ला लावली तर एकूण २३८० ग्रॅम होतात, म्हणजे ओएम-१ च्या जोडीपेक्षा जेमतेम ३०० ग्रॅम जास्त. झरोका मात्र ९५ मिलिमीटरचा, म्हणून प्रकाश दीडपटीहून अधिक. ‘लहान सेन्सर घेतला म्हणजे सॅक हलकी’ हे सूत्र इथे डळमळतं. खिशाला बसणारा चिमटा अर्थात वेगळा. ‘मिररलेस म्हणजे हलका’ हेही तसंच अर्धं. आरसा गेला म्हणून बॉडी बारीक झाली, तरी सोनीची ६०० एफ/४ आजही तीन किलोच्या वर आहे. १५० मिलिमीटर रुंदीची काच लागते ती लागतेच.

आता पाऊस. लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. लहान कॅमेरे नाजूक असतात, पावसात मोठाच हवा, असं मानणाऱ्यांनी ओएम-१ चं मानांकन बघावं. सहाशे ग्रॅमची ही बॉडी ठरावीक लेन्ससह आयपी५३ दर्जाची आहे. त्यातला ५ चा आकडा धुळीचा आणि ३ पाण्याचा. मात्र ३ चा अर्थ असा की उभ्या रेषेपासून ६० अंशांपर्यंत तिरपा येणारा फवारा सहन होतो. टायगर पॉइंटवर जुलैत पाऊस दरीतून वर येतो. त्या पावसाला कुठल्याही कंपनीचं मानांकन पुरत नाही, तिथे रेनकव्हर आणि मुकाट्याने सॅकमध्ये ठेवणं हेच उपाय. दुसरं म्हणजे सीलिंग साखळीसारखं असतं. कॅननचा आर७ पाण्या-धुळीपासून बऱ्यापैकी राखलेला आहे, पण त्याच्यासोबत हौसेने घेतली जाणारी आरएफ १००-४०० सील केलेली नाही. पाणी तिथून आत जाईल.

धुक्याबाबतही असाच भ्रम आहे. मोठा कॅमेरा, लांब लेन्स लावली की धुक्यापलीकडचं दिसेल असं नाही. मधल्या हवेतले जलकण प्रकाश विखुरतात, त्यामुळे चित्रातला उठाव गेलेला असतो. उपाय एकच, जवळचा विषय शोधणे. पावसाळ्यात मावळात तो हमखास सापडतो: झुडपावर निवांत बसलेला चापडा, पानावरचा बोटभर बेडूक. सारख्याच चौकटीसाठी सारख्याच एफ-आकड्यावर लहान सेन्सर जास्त खोलवर स्पष्टता देतो, म्हणून चापड्याचे डोळे आणि तोंडाचं टोक दोन्ही धारदार येणं सोपं होतं. ज्याला लहान सेन्सरचा दोष म्हणायचे तो मॅक्रोत गुण ठरतो. आणि घरी आल्यावर लेन्सला बुरशी लागू नये म्हणून ड्राय कॅबिनेट लागते, ती बॉडी लहान असो की मोठी.

लहान, जुन्या बॉडीने मोठं काम होत नाही असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी मुंबईचं उदाहरण पुरेसं आहे. नयन खानोलकर यांना २०१६ मध्ये लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत शहरी विभागाचं पारितोषिक मिळालं. फोटो होता आरे वसाहतीतल्या आदिवासी पाड्यात, गल्लीतून जाणाऱ्या बिबट्याचा. कॅमेरा निकॉनचा डी७०००, म्हणजे २०१० चा, १६ मेगापिक्सेलचा, क्रॉप सेन्सरचा. लेन्स १८-१०५ ची साधी झूम. इन्फ्रारेड ट्रिगर, तीन फ्लॅश आणि कित्येक महिन्यांची चिकाटी यांनी तो फोटो घडवला. बिबट्याच्या वाटेवर रात्रंदिवस महागडी बॉडी कोण लावून ठेवेल? मे अखेरीस राजमाचीला काजव्यांसाठी जाणाऱ्यांचंही तेच. तिथे ट्रायपॉड, उजळ वाइड लेन्स आणि लांब एक्स्पोजर लागतं. सेकंदाला २० फ्रेमचा वेग घेऊन अंधारात करायचं काय?

मात्र एका बाबतीत स्वस्त-लहान बॉडी खरोखर मार खाते. नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरच्या सुरुवातीला लोणावळ्याच्या पठारांवर अमूर ससाणे उतरतात. ईशान्य भारतातून आफ्रिकेकडे निघालेला, दीडशे ग्रॅमच्या आसपास वजनाचा हा पक्षी हवेतच किडे पकडतो आणि क्षणात दिशा बदलतो. मिररलेसच्या आवाजरहित इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये सेन्सर ओळीओळीने वाचला जातो. आर७ मध्ये हे वाचन सुमारे ३० मिलिसेकंद चालतं, झेड ८ आणि झेड ९ मध्ये सुमारे ४. संथ वाचनात फडफडता पंख वाकडा, रबरासारखा येतो. दोष बॉडीच्या मापाचा नाही, सेन्सरच्या वेगाचा आहे. आर७ वाल्याने यांत्रिक शटर वापरलं की प्रश्न सुटतो, फक्त आवाज येतो, आणि उडत्या ससाण्याला त्याचं सोयरसुतक नसतं.

मोठ्या कॅमेऱ्याची एक अडचण कुठल्याच तपशील-तक्त्यात नसते. लोणावळ्यात आयएनएस शिवाजी हा नौदलाचा तळ आहे. तिथून जाणाऱ्या रस्त्यावर हातभर लेन्स बाहेर काढली तर हटकलं जाणारच, आणि ते बरोबरच आहे. संरक्षण हद्दीत लेन्स सॅकमध्येच असावी. कार्ला, भाजे, लोहगड या ठिकाणी पुरातत्त्व खात्याचे नियम लागतात, ट्रायपॉडला वेगळी परवानगी लागते. मोनोपॉड किंवा हातात धरून काम करण्याची तयारी असलेला माणूस तिथे सुटा असतो.

तळेगावात किंवा कामशेतमध्ये राहणाऱ्या, रविवारी पायी फिरणाऱ्या आणि बजेट आखून घेणाऱ्या माणसाला आर७ आणि आरएफ १००-४०० ही साडेबाराशे ग्रॅमची जोडी आज अगदी चांगली. पवना जलाशयाच्या काठावरचे पाणपक्षी, पठारावरचा मलबार चंडोल, आकाशात घिरट्या घालणारा सर्पगरुड हे सगळं ऊन वर आल्यावर ती मजेत टिपते. ४०० मिलिमीटरला एफ/८ म्हणजे झरोका ५० मिलिमीटरचा, त्यामुळे ओढ्यातल्या शीळकरी कस्तूरापाशी ती अडेल. तेव्हा पैसे जमले की आधी लेन्स बदलावी. बॉडी तीच चालेल.