मदरबोर्डची सेटिंग आणि प्रोसेसरचा खरा वेग

अनगोळ ओलांडले की उद्यमबाग लागते. फौंड्री आणि मशीन शॉपचा हा परिसर. वितळलेला धातू साच्यात कसा पसरेल, कोठे आधी गोठेल आणि कोठे पोकळी राहील, याचे गणित ओतकामापूर्वीच संगणकावर मांडता येते. असे सिम्युलेशन तासन्‌तास चालते. रात्री लावलेले काम सकाळी अर्धवट आढळले, की दिवस खोळंबतो आणि अधिक कोअरचा नवा प्रोसेसर घेण्याचा विचार सुरू होतो. तत्पूर्वी आहे त्या मदरबोर्डची सेटिंग तपासणे श्रेयस्कर. पुष्कळदा प्रोसेसर दुबळा नसतो, त्याला अडवून ठेवलेले असते.

पहिली अडवणूक मेमरीची. अनेक कोअर एकाच वेळी आकडे मागतात आणि रॅम ते पुरेशा वेगाने देऊ शकली नाही, तर कोअर नुसते वाट पाहतात. डीडीआर-४ प्रकारची ३२०० वेगाची म्हणून घेतलेली रॅम कित्येकदा २१३३ किंवा २४०० वरच चालत असते. तिचा छापील वेग बायोसमध्ये एक्सएमपी हे प्रोफाइल निवडल्यावरच मिळतो. एएमडीच्या डीडीआर-५ व्यवस्थेत त्याचे नाव एक्सपो. संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ-२ कळ दाबली की बहुतेक मदरबोर्डवर बायोस उघडते. चालू वेग विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्येही दिसतो. १६ जीबीची एकच स्टिक लावण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन लावाव्यात. चार खाचा असल्यास त्या बहुधा प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवायच्या असतात. दोन्ही शेजारी शेजारी खोचल्या, तर दुहेरी मार्गाचा लाभ हुकतो. ही चूक आश्चर्य वाटावे इतकी सर्रास आढळते.

दुसरी अडवणूक विजेच्या मर्यादेची. इंटेलच्या आय-७ १२७०० या प्रोसेसरची मूळ मर्यादा ६५ वॅट, तर अल्पकाळची कमाल १८० वॅट आहे. बायोसमध्ये त्या पीएल-१ आणि पीएल-२ या नावांनी आढळतात. मूळ मर्यादा लागू असेल, तर मिनिटाच्या आतबाहेर प्रोसेसर तिच्यावर उतरतो आणि वेग घटतो. चाचणीच्या कार्यक्रमात चमकणारा संगणक रात्रभराच्या कामात मंद का पडतो, याचे उत्तर येथे आहे. दीर्घ कामासाठी पीएल-१ थोडी वाढवावी. मात्र कूलर आणि मदरबोर्डची वीजपुरवठा व्यवस्था पेलेल इतकीच. तापमान शंभर अंशांजवळ गेले, की प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो. फौंड्रीच्या धुळीने कूलरच्या पट्ट्या बुजल्या असतील, तर ब्रशचा एक हात कोणत्याही सेटिंगपेक्षा अधिक गुण देतो.

‘मल्टिकोअर एन्हान्समेंट’सारखी आकर्षक नावे धारण करणारी सेटिंग मात्र संशयाने पाहावीत. ती प्रोसेसरच्या ठरावीक मर्यादाच उठवतात. २०२४ मध्ये इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसर वाजवीपेक्षा अधिक व्होल्टेजमुळे अस्थिर होत असल्याचे उघड झाले. कंपनीने मूळ मर्यादा पाळण्याचा सल्ला दिला, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मायक्रोकोडच्या दुरुस्त्या दिल्या आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. आधीच झालेली इजा मात्र दुरुस्तीने भरून येत नाही. असा प्रोसेसर असल्यास बायोस अद्ययावत करावे आणि त्या वेळी संगणक यूपीएसवर ठेवावा. मध्येच वीज गेली, तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो.

विंडोजच्या बूट पर्यायांत प्रोसेसरची संख्या भरून वेग वाढवण्याचा उपाय सर्वत्र सांगितला जातो. तो निरर्थक आहे. तो रकाना कोअर कमी करण्यासाठी आहे, वाढवण्यासाठी नव्हे.

शिवाय जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये दाखवून दिलेली मर्यादा आहेच. कामाचा दहावा हिस्सा एकामागून एक असाच करावा लागत असेल, तर कितीही कोअर जोडले तरी वेग दहापटीपलीकडे जात नाही.

एका वेळी एकच सेटिंग बदलावे, तेच काम पुन्हा चालवून लागलेला वेळ वहीत टिपावा आणि मेमरीची चाचणी रात्रभर चालू द्यावी. चुकीच्या आकड्यांनी लवकर संपलेले सिम्युलेशन काय कामाचे? संगणकाचे घड्याळ वारंवार मागे पडू लागले, तर मदरबोर्डवरील नाण्याएवढा सेल बदलावा; तो संपला की ही सेटिंग पुसली जाऊन रॅम पुन्हा मूळ, संथ वेगावर येऊ शकते.