जाहिरात कळवते, शेजारी पटवतो

घरच्या मालाचं ऑनलाइन दुकान : लेखांक सातवा

मागच्या दोन लेखांकांत दर कसा बसवायचा आणि कुरियरच्या प्रवासात बरणी फुटू नये म्हणून पॅकिंग कसं करायचं, ते पाहिलं. माल तयार झाला, ऑर्डर घ्यायची सोयही झाली. आता प्रश्न गिऱ्हाइकाचा. यवतमाळातल्या, दिग्रसच्या किंवा पांढरकवड्याच्या एखाद्या ताईंनी घरी केलेली जवसाची चटणी पुण्यातल्या माणसाने पैसे आधी भरून का मागवावी? त्याने त्यांना पाहिलेलं नाही, त्यांचं स्वयंपाकघर पाहिलेलं नाही.

बहुतेक जण इथे पहिला पैसा जाहिरातीवर घालतात. फेसबुकवर पोस्ट 'बूस्ट' करतात, दोन-चार हजार रुपये जातात, बघणारे हजारोंनी दिसतात आणि ऑर्डर मोजक्याच येतात. जाहिरातीने काम केलेलं असतं, पण ते काम फक्त कळवण्याचं असतं. पटवण्याचं काम तिच्याच्याने होत नाही.

हे कापसाच्या जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. मृगाच्या आधी कृषी केंद्रासमोर उभं राहून पाहा. बियाण्याच्या पाकिटाचं नाव शेतकऱ्याला पोस्टरवरून, गावात फिरणाऱ्या जीपवरून, कंपनीच्या माणसाकडून कळलेलं असतं. पण कोणतं पाकीट घ्यायचं हे ठरतं ते शेजारच्या वावरात मागच्या साली एकरी किती क्विंटल निघाला यावरून. धुऱ्यापलीकडचं पीक डोळ्यांनी दिसतं आणि ते सांगणाऱ्याला खोटं बोलून काही मिळायचं नसतं.

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या दोन समाजशास्त्रज्ञांनी नेमकं हेच तपासलं. त्यांचा अभ्यास १९४३ साली प्रसिद्ध झाला. मक्याचं संकरित बियाणं शेतकऱ्यांमध्ये कसं पसरलं, हा विषय. २५९ शेतकऱ्यांपैकी दोघे सोडून बाकी सगळ्यांनी ते बियाणं स्वीकारलं होतं, पण त्याला बरीच वर्षं लागली. बियाण्याची पहिली बातमी कुणाकडून कळली, याचं उत्तर सर्वांत जास्त जणांनी विक्रेता असं दिलं. ते पेरायचं कुणामुळे ठरलं, याच्या उत्तरात मात्र शेजारी पुढे होते. पुढे एव्हरेट रॉजर्स यांनी नवी गोष्ट समाजात कशी पसरते यावर जे मोठं काम केलं, त्याच्या पायाशी हा मक्याचा अभ्यास आहे. अलीकडचा पुरावा हवा असेल तर नील्सन या संस्थेने २०१५ साली ६० देशांत केलेली पाहणी आहे. ओळखीच्या माणसाने केलेल्या शिफारशीवर विश्वास ठेवतो, असं त्यात ८३ टक्के लोकांनी सांगितलं.

आपल्याकडे याला सगळे 'माउथ पब्लिसिटी' म्हणतात आणि ती आपोआप होते असं समजतात. माल चांगला असला की लोक सांगतातच, हे अर्धंच खरं आहे. सांगायची इच्छा असते, पण सांगायला हाताशी काही नसतं. बरणीवर नाव नसतं, नंबर सापडत नाही, दर आठवत नाही, आणि 'अगं, कुठल्याशा बाई पाठवतात' एवढ्यावर विषय संपतो. गिऱ्हाइकाने तुमच्यासाठी बोलावं असं वाटत असेल, तर त्याचं बोलणं सोपं करणं हे तुमचं काम आहे.

सुरुवात बरणीपासून करा. पार्सलचा खोका त्याच दिवशी कचऱ्यात किंवा रद्दीत जातो. बरणी मात्र महिना-दीड महिना ताटाशेजारी राहते, पाहुण्यासमोर येते. 'वहिनी, हे कुठून मागवलं वो?' हा प्रश्न तिथेच विचारला जातो. म्हणून नाव, गाव आणि फोन नंबर बरणीला चिकटलेल्या लेबलवर हवा. दुरून वाचता येईल अशा मोठ्या अक्षरांत हवा, आणि तेलाच्या बोटांनी पुसला जाणार नाही अशा कागदावर हवा. साबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी ४ जुलै १९९६ रोजी हॉटमेल सुरू केलं, तेव्हा प्रत्येक ईमेलच्या तळाशी मोफत खातं उघडण्याचं एका ओळीचं आमंत्रण आपोआप जोडलं जायचं. पत्र पाठवणाराच जाहिरात पोचवत होता, तीही आपल्या ओळखीच्या माणसाला. दीड वर्षात लाखो लोक जोडले गेले आणि १९९७ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टने ती कंपनी विकत घेतली. बरणीवरचं लेबल त्याच जातीचं आहे: वस्तू वापरली गेली की नाव आपोआप पुढे जातं.

दुसरी जागा व्हॉट्सॲप. इथे दोन साध्या चुकांमुळे फार नुकसान होतं. पहिली चूक ब्रॉडकास्ट लिस्टची. ज्याने तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केला आहे, त्यालाच ब्रॉडकास्टचा मेसेज पोचतो. तुमच्याकडे दोनशे नंबर असले तरी समोरच्यांनी तुमचा नंबर ठेवलेला नसेल, तर तुम्ही भिंतीशी बोलत आहात. म्हणून पहिल्या पार्सलमध्ये हाताने लिहिलेली चिठ्ठी घाला: हा नंबर या नावाने सेव्ह करा, उन्हाळ्यात कुरड्या, खारोड्या, मुगवड्या झाल्या की कळवीन. दुसरी चूक मेसेज तोडण्याची. फोटो एका मेसेजमध्ये, दर दुसऱ्यात, पत्ता तिसऱ्यात, असं केलं की पुढे फक्त फोटो जातो आणि त्याच्याबरोबर तुमचं नाव जात नाही. एक फोटो आणि त्याखालीच चार ओळी: काय आहे, किती वजनाला किती रुपये, कोणत्या गावाहून, कोणत्या नंबरवर. २०१८ पासून भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येतो. लहान धंद्याला ही मर्यादा अडचणीची नाही. पाच जवळच्या माणसांना विचार करून पाठवलेला मेसेज पन्नास गटांत फेकलेल्या मेसेजपेक्षा जास्त ऑर्डरी आणतो.

आता लिहिण्याकडे वळू. पुण्यातल्या गिऱ्हाइकाला तुमच्या धुऱ्यावर उभं राहता येत नाही, ती उणीव लिखाण भरून काढतं. स्वतःचा ब्लॉग असो की दुकानाच्या वेबसाइटवरचं एक पान, तिथे मालाची स्तुती लिहू नका. 'शुद्ध, सात्त्विक, आजीच्या हातची चव' हे सगळेच लिहितात आणि कुणी वाचत नाही. गिऱ्हाईक फोनवर जे विचारतं ते लिहा. एक प्रश्न, एक लेख, आणि शीर्षक त्याच्याच शब्दांत, देवनागरीत.

'जवसाची चटणी खवट का होते?' हे शीर्षक घ्या. खाली सरळ सांगा की जवसात तेल भरपूर असतं. अख्खा दाणा बराच काळ टिकतो, पण भाजून कुटला की त्या तेलाला हवा लागते आणि वास बदलू लागतो. म्हणून आम्ही ऑर्डर आली की मगच कुटतो, लेबलवर कुटल्याची तारीख लिहितो. बरणी कोरड्या चमच्यानेच वापरा, फ्रीजमध्ये ठेवा, आणि खवट वास आला तर खाऊ नका, आम्हाला कळवा. भाजताना दाणे तडतडायला लागले की आच कमी करतो, तो अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ सोबत जोडा. एवढ्या मजकुरात स्तुतीचा एक शब्द नाही, तरी वाचणाऱ्याला कळतं की या बाईंना आपलं काम येतं आणि त्या काही लपवत नाहीत. फेसबुकची पोस्ट चार दिवसांत खाली जाते. हा लेख मात्र दोन वर्षांनीही, कुणी 'जवस चटणी खवट' असं शोधलं की सापडू शकतो. शिवाय जुन्या गिऱ्हाइकाच्या हातात सांगण्यासारखं काहीतरी येतं. 'चांगली आहे' यापेक्षा 'ऑर्डर आल्यावरच कुटतात' हे वाक्य पुढे सांगायला फार सोपं असतं.

विकण्याच्या आधी देणं, याची आपल्याकडे मोठी उदाहरणं आहेत. मधुरा बाचल यांनी २००९ साली, अमेरिकेत राहत असताना, यूट्यूबवर पाककृती दाखवायला सुरुवात केली. वर्षानुवर्षं घराघरांतल्या बायका त्यांचं प्रमाण वापरून स्वयंपाक करत राहिल्या, एकमेकींना लिंक पाठवत राहिल्या. त्यांचे मसाले बाजारात आले ते त्यानंतर. तोवर त्यांच्या हाताची खात्री लोकांना पटलेली होती. इंदापूर तालुक्यातल्या भोडणीचे सत्यजित आणि अजिंक्य हंगे हे भाऊ बँकेतल्या नोकऱ्या सोडून सेंद्रिय शेतीत आले. 'टू ब्रदर्स ऑरगॅनिक फार्म्स' या नावाने ते तूप, गूळ, धान्य ऑनलाइन विकतात, आणि शेतात काय चाललं आहे ते व्हिडिओंतून सतत दाखवत आले आहेत. दोघांचा पसारा आज मोठा आहे, आपल्याला तेवढा झेपणार नाही. क्रम मात्र आपणही तोच ठेवू शकतो.

आपल्या जिल्ह्याची एक जमेची बाजू मला फार महत्त्वाची वाटते. यवतमाळची हजारो मुलं-मुली शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी पुण्यात, नागपुरात, मुंबईत, हैदराबादेत आहेत. त्यांना खारोडी म्हणजे काय हे समजावावं लागत नाही. पहिली पंचवीस गिऱ्हाइकं त्यांच्यातच शोधा. त्यांच्या खोलीवर राहणारा कोल्हापूरचा मुलगा, ऑफिसातली नाशिकची मैत्रीण, घरमालकीण, हे तुमचं पुढचं गिऱ्हाईक आहे. तिथवर पोचायला एक साधा उपाय आहे: पाव किलोच्या बरणीसोबत पंचवीस ग्रॅमची एक वेगळी पुडी, वर 'शेजाऱ्यांसाठी' असं लिहून. 'एक गिऱ्हाईक आणा, पन्नास रुपये मिळवा' ही योजना मी कुणाला सुचवणार नाही. पैसे मिळताहेत हे कळलं की मैत्रिणीच्या शब्दाचं वजनच जातं, आणि ज्याच्यासाठी आपण धडपडतोय ते वजन तेवढंच आहे.

कानोकानी पसरण्याला काळी बाजूही आहे, आणि ती विदर्भाने जवळून पाहिली आहे. तणनाशक सहन करणाऱ्या एचटीबीटी कापसाच्या बियाण्याला सरकारी मान्यता नाही. दुकानात पाटी नाही, पेपरात जाहिरात नाही, तरी ते गावोगाव पोचलं ते एकाने दुसऱ्याला सांगून. पण त्या पाकिटाचं बिल नसतं. उगवलं नाही, भेसळ निघाली, तर शेतकऱ्याने दाद कुठे मागायची? तोंडी शब्दाने माल खपतो, पण माल बिघडला तर कागदच उपयोगी पडतो. म्हणून ऑर्डर शंभर रुपयांची असली तरी बिल द्या, खाद्यपदार्थ विकत असाल तर अन्नसुरक्षा नोंदणीचा क्रमांक लेबलवर छापा, आणि तक्रार आली तर आधी नवी बरणी पाठवा, चौकशी मागाहून करा. ज्याची तक्रार नीट मिटली, ते गिऱ्हाईक आपण होऊन चार जणांना सांगतं.

खोटी स्तुती विकत घेण्याच्या वाटेला अजिबात जाऊ नका. शंभर चांगले अभिप्राय अमुक रुपयांत, असे मेसेज धंदा सुरू करताच येऊ लागतात. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ऑनलाइन अभिप्राय कसे गोळा करावेत आणि कसे दाखवावेत, याचं भारतीय मानक, आयएस १९०००:२०२२, नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं. ते सध्या ऐच्छिक असलं तरी त्यातला गाभा लहान विक्रेत्यानेही पाळावा असा आहे: अभिप्राय देणारी व्यक्ती खरी हवी, आणि नावडते अभिप्राय लपवू नयेत. एखाद्या इन्स्टाग्रामवाल्या ताईंना फुकट माल देऊन व्हिडिओ करून घेतलात, तर ती जाहिरात आहे हे तिथेच स्पष्ट लिहायला हवं. जाहिरात मानक परिषदेचा हा नियम जून २०२१ पासून लागू आहे. दंडाची भीती बाजूला ठेवली तरी, खोटा अभिप्राय वाचून आलेलं गिऱ्हाईक एकदाच येतं आणि जाताना खरं काय ते सांगून जातं.

या आठवड्यासाठी एक काम. आजवर ज्यांनी तुमच्याकडून माल घेतला, त्यांतल्या दहा जणांना फोन करा. विकायला म्हणून करू नका, ऑर्डरचं नावही काढू नका. माल कसा होता, कुणाला चाखायला दिला, त्यांना काय सांगितलं, एवढंच विचारा आणि त्यांचे शब्द जसेच्या तसे वहीत लिहा. ज्यांनी कुणालाच सांगितलं नाही, त्यांना कारण विचारायला संकोच करू नका. ती वही जवळ घेऊन बसा, कारण पुढच्या लेखांकात त्या शब्दांवरूनच आपण दुकानाचं पहिलं पान लिहिणार आहोत.