कोंबड्यांसाठी अंडी घालण्याच्या घरगुती पेट्या

आपल्याकडील पुष्कळ शेतकरी कुटुंबांत पाच-दहा कोंबड्या पाळल्या जातात. त्यांच्यासाठी निराळा खर्च फारसा करावा लागत नाही. खळ्यात सांडलेले दाणे, घरातील उष्टे-खरकटे व उकिरड्यातील किडे यांवर त्यांचा निर्वाह होतो. अंड्यांचे जे चार पैसे येतात ते बहुधा गृहिणीच्या हाती राहतात आणि त्यांतून मीठमिरची, मुलांच्या वह्या अशा गरजा भागतात. परंतु कोंबडीने घातलेले प्रत्येक अंडे घरात येतेच असे नाही. जागा नेमून दिलेली नसली म्हणजे कोंबडी कडब्याच्या गंजीत, कुंपणाच्या बुडाशी किंवा शेजाऱ्याच्या पडवीत आडोसा शोधते. तेथील अंडे मुंगूस, साप, कावळा किंवा कुत्रा फस्त करतो; जे उरते ते दृष्टीस पडेपर्यंत नासून गेलेले असते.

हे नुकसान वाटते तितके लहान नाही. एक गावरान कोंबडी वर्षाकाठी सुमारे ६० अंडी घालते असे धरले, तर पाच कोंबड्यांपासून ३०० अंडी मिळावयास हवीत. त्यांतील पाचापैकी एक अंडे जरी वाया गेले, तरी ६० अंडी, म्हणजे एका कोंबडीचे वर्षभराचे उत्पन्न बुडाले. ती कोंबडी आपण मुंगसासाठीच पाळली, असे म्हणावे लागेल. हे नुकसान टाळण्यास जादा दाणा लागत नाही किंवा नवी जातही आणावी लागत नाही. घरातील टाकाऊ वस्तूंपासून केलेली एक पेटी त्यास पुरेशी आहे.

पेटी कशी असावी

अंडे घालतेवेळी कोंबडीला अंधुक उजेडाची, निवांत आणि तीन बाजूंनी बंद अशी जागा लागते. पायांनी उकरून खळगा करता येईल असे मऊ अंथरूण तिला हवे असते. एवढे साधले म्हणजे पेटी कशाची केली याला फारसे महत्त्व नाही. पेटी आतून १२ इंच (३० सें. मी.) रुंद, १२ इंच खोल व १४ इंच (३५ सें. मी.) उंच असावी. तोंडाशी खालच्या बाजूस ४ इंच उंचीची फळी ठोकावी, म्हणजे अंथरूण व अंडी बाहेर घरंगळत नाहीत. चार ते पाच कोंबड्यांस एक पेटी पुरते. पेटीचे छप्पर उतरते ठेवावे. सपाट छपरावर कोंबड्या बसतात व घाण करतात.

कोणत्या वस्तू वापराव्यात

फळांचा लाकडी खोका आडवा ठेवून तीन बाजूंच्या फटी गोणपाटाने झाकल्यास उत्तम पेटी तयार होते. तेलाचा १५ किलोचा रिकामा डबा लहान चणीच्या गावरान कोंबडीस चालतो. त्याची एक बाजू कापून पत्र्याच्या कडा आत दुमडून ठोकाव्यात, नाहीतर कोंबडीचे पाय व छाती चिरते. पत्रा उन्हात फार तापतो, यास्तव डबा नेहमी सावलीत ठेवावा. कडेला फुटलेला मोठा माठ आडवा करून दोन्ही बाजूंस विटा लावल्या तर उन्हाळ्यात तो थंड राहतो. जुन्या टोपलीस शेणमातीचा लेप देऊनही काम भागते. मात्र दुसऱ्याच्या कोंबडीफार्मवरील जुने खोके आणू नयेत. २००६ साली फेब्रुवारी महिन्यात नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लूची साथ आली होती. असे रोग दूषित सामानाबरोबरही पसरू शकतात.

जागा व सवय

पेटी खुराड्यात अंधाऱ्या कोपऱ्यात जमिनीपासून दीड ते दोन फुटांवर बसवावी व समोर चढण्यासाठी एक दांडी बांधावी. माठ किंवा जड पेटी असल्यास ती जमिनीवरच विटांच्या ओट्यावर ठेवावी. रात्री बसण्याच्या दांड्या पेटीपेक्षा उंच असाव्यात. कोंबड्या सर्वांत उंच जागी झोपतात आणि पेटी स्वच्छ राहते. तळाशी भाताचा पेंढा, तूस किंवा गव्हाचे काड दोन ते तीन इंच जाडीचे पसरावे.

तलंगांचे तुरे लाल होऊ लागताच, म्हणजे पहिल्या अंड्याच्या दोन-तीन आठवडे आधी, पेटी मांडावी. आत अंड्याएवढा पांढरा गुळगुळीत दगड ठेवला म्हणजे कोंबडी ती जागा ओळखते. बहुतेक अंडी सकाळी घातली जात असल्याने आरंभीचे काही दिवस कोंबड्यांना दहा वाजेपर्यंत दाणा-पाण्यासह आतच ठेवावे.

निगा

अंडी दिवसातून दोनदा, कडक उन्हाळ्यात तीनदा गोळा करावीत. मळलेले अंडे कोरड्या फडक्याने पुसावे, धुऊ नये. कवचावर निसर्गतः एक पातळ आवरण असते. ते धुऊन गेल्यास कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून जंतू आत शिरतात. अंडे पेटीत फुटल्यास ओले अंथरूण लगेच काढावे, कारण फुटलेल्या अंड्याची चव लागलेली कोंबडी पुढे चांगली अंडीही फोडते. महिन्यातून एकदा सर्व अंथरूण जाळून पेटी कडक उन्हात ठेवावी व फटींत चुना भरावा. या फटींत रक्त शोषणारे बारीक तांबूस किडे दिवसा लपून बसतात व रात्री कोंबड्यांस लागतात.

खुडूक कोंबडी पेटी अडवून बसते. तिला दुसऱ्या टोपलीत, आठवड्याच्या आतील दहा-बारा अंड्यांवर बसवावे. २१ दिवसांनी पिले निघतील आणि पेटीही इतरांस मोकळी होईल.

कार्यकर्त्यांसाठी

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा विषय भाषणाने न सांगता एका घरी पेटी बसवून दाखवावा. पेटीपूर्वीच्या पंधरा दिवसांत किती अंडी घरात आली व नंतरच्या पंधरा दिवसांत किती आली, याच्या रेघा गृहिणीने कोळशाने भिंतीवर ओढाव्यात. या काळात खुडूक बसलेली कोंबडी हिशेबात धरू नये. शेजारच्या घरांना पटविण्यास त्या भिंतीवरील रेघा अधिक उपयोगी पडतील.