टाटा जलविद्युत् कंपनी : भांडवल, पाणी आणि एक नाव

सह्याद्रीवरील पावसाचे पाणी अडवून मुंबईच्या गिरण्यांस वीज पुरवावी, ही डेव्हिड गॉसलिंग यांची कल्पना जमशेटजी टाटांनी उचलून धरली. परंतु १९०४ साली ते निवर्तले आणि ती सिद्धीस नेण्याचा भार दोराबजींवर पडला. १९१० साली कंपनी स्थापन झाली व १९१५ साली खोपोलीचे केंद्र सुरू झाले. तेथे पाणी सुमारे ५०० मीटर खाली उतरते. पूर्ववाहिनी भीमेच्या खोऱ्यातील पाणी अशा रीतीने कोकणात वळले, ही गोष्ट योजनेच्या कौतुकात बहुधा मागे पडते.

पुढे भिवपुरी (१९२२) व भिरा (१९२७) या केंद्रांसाठी निराळ्या कंपन्या निघाल्या. पैकी पहिलीचे ‘आंध्र व्हॅली’ हे नाव वाचून तेलुगु प्रदेश आठवू नये. ते मावळातील आंद्रा नदीचे आहे. तेथील लोक आपल्या मुलखास आंदर मावळ म्हणतात. रोमन लिपीत शिरून परतलेल्या नावाची अशी गत होते.

भिऱ्यासाठी मुळशीस धरण बांधण्याचे ठरले, तेव्हा १९२१ साली तेथील मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते याच लढ्यात. ज्या उद्योगाचे स्वदेशी म्हणून स्वागत झाले होते, त्याच्यासाठी परकी सरकार कायद्याने जमिनी संपादन करीत होते. दोराबजींच्या कर्तृत्वाचे मूल्यमापन हा पेच वगळून करणे मला अपुरे वाटते. सत्याग्रह अयशस्वी झाला, गावे बुडाली. २००० साली तिन्ही कंपन्या ‘टाटा पॉवर’मध्ये एकत्र आल्या, मुळशीचे पाणी भिऱ्याहून आजही कुंडलिकेस मिळते.