स्पीच थेरपिस्ट व्हायचंय? बारावीनंतर काय शिकावं लागतं, आणि खरं शिक्षण क्लिनिकमध्ये कसं होतं

मूल दोन वर्षांचं झालं तरी बोलत नाही म्हटलं की गावात सल्ले सुरू होतात. वेखंड चाटवा, जीभ जड असेल, याचा बापही उशिराच बोलला होता. यातच वर्ष-दोन वर्षं निघून जातात. खरं कारण बऱ्याचदा कानात असतं: मुलाला नीट ऐकूच येत नसतं. भाषा शिकायची सगळ्यात मोलाची वर्षं हीच, आणि ती पुन्हा मिळत नाहीत. हे वेळीच ओळखून मुलाला बोलतं करणारा माणूस म्हणजे स्पीच थेरपिस्ट, म्हणजेच वाचा-भाषा तज्ज्ञ. तालुक्याच्या गावी तो सहसा भेटत नाही. म्हणूनच हे शिक्षण काय असतं, ते विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी समजून घ्यायला हवं.

काम फक्त लहान मुलांचं नाही

लकवा मारल्यावर काही जणांची वाचा जाते. मनात शब्द असतो, पण ओठावर येत नाही. काहींना पाणी गिळतानाही ठसका लागतो, आणि ते पाणी फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होऊ शकतो. तंबाखू-गुटख्यामुळे तोंडाचा किंवा घशाचा कॅन्सर होऊन ऑपरेशन झालेले, बोलताना अडखळणारे, दुभंगलेल्या ओठ-टाळूची मुलं, रोज ओरडून आवाज बसलेले शिक्षक, या सगळ्यांना हाच तज्ज्ञ लागतो.

पदवी चार वर्षांची

पदवीचं नाव बीएएसएलपी. तीन वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप. त्यासाठी बारावी सायन्स लागतं. महाराष्ट्रात सीईटी सेलमार्फत होणारे प्रवेश नीटच्या गुणांवर होतात, तर म्हैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था स्वतःची प्रवेश परीक्षा घेते. ही संस्था 1965 मध्ये सुरू झाली. मुंबईत वांद्र्याला 1983 पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. मुंबईचं नायर हॉस्पिटल आणि पुण्याचं भारती विद्यापीठ इथंही हे शिक्षण मिळतं. नियम दरवर्षी बदलू शकतात, म्हणून त्या वर्षीचं माहितीपत्रक वाचूनच फॉर्म भरा.

चार वर्षं जमणार नसतील, तर बारावीनंतर एक वर्षाचा डीएचएलएस हा डिप्लोमा आहे. तो केलेले तज्ज्ञाच्या हाताखाली सहायक म्हणून काम करतात.

खरी शाळा क्लिनिकमध्ये

कान, मेंदू, स्वरयंत्र, भाषा आणि मानसशास्त्र हे पुस्तकात शिकता येतं. पण समोर रडणारं मूल आलं की पुस्तक पुरत नाही. विद्यार्थी आधी बाजूला बसून नुसतं बघतात. मग पेशंटची पूर्ण माहिती विचारायला शिकतात: बाळ जन्मल्यावर रडलं का, कावीळ झाली होती का, हाक मारल्यावर वळतं का. आवाज बाहेर न जाणाऱ्या खोलीत कानाची तपासणी करतात. त्यानंतर शिक्षकांच्या देखरेखीखाली स्वतः थेरपी देतात आणि प्रत्येक बैठकीची नोंद लिहितात.

पुढे दोन वर्षांची एमएस्सी करता येते. तिथं वाचा-भाषा आणि श्रवण असे दोन वेगळे रस्ते आहेत. अवघड पेशंट वाढतात आणि संशोधन प्रबंधही लिहावा लागतो.

गावाकडच्या मुलांची जमेची बाजू

लकव्यातून उठलेल्या आजोबांना शहरी शब्द शिकवून उपयोग नाही. त्यांना ‘विळा’, ‘गोठा’, ‘भाकर’ हेच शब्द परत हवे असतात. मुलाची थेरपीही घरात बोलतात त्याच भाषेत होते, मग ती अहिराणी असो, वऱ्हाडी असो की मालवणी. ही बोली ज्याला येते, त्याच्याशी पेशंट लवकर मोकळा होतो. शिवाय थेरपिस्ट आठवड्यातून एकदाच भेटला, तरी रोजचा सराव आईच घेते. तिला समजेल असं सांगता येणं हीसुद्धा या कामातली मोठी विद्या आहे.

नोंदणी बघा, उशीर करू नका

1992 च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असल्याशिवाय हे काम करता येत नाही. तसं केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. कॉलेज निवडताना कोर्सला परिषदेची मान्यता आहे का ते पाहा. उपचार घेताना नोंदणी क्रमांक विचारा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

मूल वर्षाचं होऊन हाकेला वळत नसेल, किंवा दोन वर्षांचं होऊन ‘आई ये’, ‘पाणी दे’ असे दोन शब्द जोडत नसेल, तर थांबू नका. आशाताईंना किंवा अंगणवाडीत सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडी आणि शाळांत तपासणीला येतं आणि गरज असलेल्या मुलांना जिल्हा पातळीवरच्या डीईआयसी केंद्राकडे पाठवतं. आधी कान तपासून घ्या, वेखंडाचं नंतर बघू.