बिनतारी चार्जर : घ्यावा कीं न घ्यावा, व घेतल्यास कसा

पारोळा तालुक्यांतील शेतकऱ्याच्या हातीं मोबाईल आला तो प्रथम बोलण्यापुरता. आतां त्याच्यावांचून शेतीचें काम अडूं लागलें आहे. उभ्या पिकाची नोंद शेतकऱ्यानें स्वतः मोबाईलवरून करावयाची ‘ई-पीक पाहणी’ १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. मुदतीच्या शेवटच्या दिवसांत मोबाईल बंद पडला तर सात-बाऱ्यावरील पिकाचा रकाना कोरा राहण्याचें भय असतें. तेव्हां चार्जर ही चैनीची वस्तु न समजतां अवजार समजावें, व अवजाराप्रमाणेंच पारखून घ्यावें.

हल्लीं बिनतारी, म्हणजे वायरलेस, चार्जर पुष्कळ विकावयास येतात. चकतीवर मोबाईल ठेवला कीं चार्जिंग सुरू होतें. यांत जादू कांहीं नाहीं. मायकेल फॅरेडे यांनीं १८३१ सालीं दाखविलेलें तत्त्वच येथें उपयोगांत आणिलें आहे. चकतींतील तांब्याच्या वेटोळ्यांतून उलटसुलट वाहणारी वीज भोंवतीं पालटतें चुंबकक्षेत्र उत्पन्न करिते, व त्या योगें मोबाईलच्या पाठींतील दुसऱ्या वेटोळ्यांत वीज निर्माण होते. चकतीस स्वतःला मात्र तार व अडॅप्टर लागतातच.

म्हणून पहिली पारख चार्जरची नव्हे, मोबाईलची. स्वस्त मोबाईलांपैकीं बहुतेकांत हें वेटोळें नसतें. माहितीपत्रकांत ‘वायरलेस चार्जिंग’ असा उल्लेख नसल्यास चकती घेणें म्हणजे पैसे पाण्यांत टाकणें होय.

दुसरी पारख खुणेची. २००८ सालीं स्थापन झालेल्या ‘वायरलेस पॉवर कन्सॉर्शियम’ या संघानें ‘ची’ नांवाचें मानक ठरविलें. २०२३ सालीं त्याची चुंबक बसविलेली दुसरी आवृत्ति जाहीर झाली. प्रमाणित वस्तूंची यादी संघानें सर्वांस पाहण्यास खुली ठेविली आहे. या खुणेचें महत्त्व असें : चकती व मोबाईल यांमध्यें नाणें किंवा किल्ली राहिल्यास ती तापते. चांगली चकती हें ओळखून वीज थांबविते. नकली चकतीचा भरंवसा नाहीं.

तिसरी पारख अडॅप्टरची. त्यावर भारतीय मानक ब्युरोची खूण व ‘आर’ अक्षरानें सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा. तो खरा कीं खोटा हें ‘बीआयएस केअर’ या ॲपवर पाहतां येतें. शिवाय त्यावर लिहिलेले व्होल्ट व अँपिअर यांचा गुणाकार करावा, म्हणजे वॉट निघतात. ९ व्होल्ट व २.२२ अँपिअर म्हणजे सुमारें २० वॉट. १५ वॉटांच्या चकतीस इतकें पुरेसें आहे. ५ व्होल्ट व १ अँपिअर म्हणजे अवघे ५ वॉट. त्यावर ती चकती मंद चालेल किंवा चालणारच नाहीं.

वीजबिलाची धास्ती मात्र नको. ५००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी रोज पूर्ण चार्ज केली तरी तींत वर्षाला सुमारें ७ युनिटच वीज सांठते. बिनतारी पद्धतींत तारेपेक्षां अधिक वीज वायां जाते, ती कांहीं युनिटांहून जास्त नव्हे. खरा दोष असा कीं वायां गेलेल्या विजेची उष्णता होते, व उष्णतेनें बॅटरीचें आयुष्य घटतें. खानदेशांतील वैशाखांत घरेंच तापलेलीं असतात. त्या दिवसांत दुपारीं चकती वापरूं नये. ती गादीवर, उशीखालीं अथवा कापसाच्या ढिगाजवळ कधींही ठेवूं नये. मोबाईलचें जाड किंवा धातूचें कव्हर काढावें. चुंबकाच्या चकतीपाशीं एटीएम कार्ड ठेवूं नये. घरांत कोणास हृदयाचा पेसमेकर बसविला असल्यास चालू चकती त्याच्या छातीपासून निदान ३० सेंटिमीटर दूर असावी.

सारांश, ज्याच्या मोबाईलांत सोय आहे त्यानें प्रमाणित, साधी, १५ वॉटांची एकच चकती घ्यावी. मोबाईल, घड्याळ व कर्णयंत्रें एकत्र चार्ज करणाऱ्या महाग स्टँडचें कारण नाहीं. ज्याच्या मोबाईलांत सोय नाहीं, त्यानें तोच पैसा चांगली केबल व खूण असलेला अडॅप्टर यांवर खर्चावा. तार स्वस्त पडते, कमी तापविते, आणि पाहणीच्या दिवशीं मोबाईल लवकर चार्ज करून बांधावर जातां येतें.