शेजारधर्म (लेखांक चौथा) : लवळ्याची टेकडी आणि सनदेची सरहद्द

मागील लेखांकात १९५० च्या कोलंबो योजनेपासून १९८५ साली ढाक्यास स्थापन झालेल्या सार्क संघटनेपर्यंतचा वृत्तांत आपण पाहिला, आणि २०१४ च्या काठमांडू परिषदेनंतर या संघटनेचे राष्ट्रप्रमुख पुन्हा शिखर परिषदेसाठी एकत्र आलेच नाहीत, इस्लामाबादेस २०१६ मध्ये भरावयाची परिषद बारगळली ती बारगळलीच, हेही पाहिले. एवढ्यावरून शेजारी राष्ट्रांचे सहकार्य म्हणजे नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो घाईचा ठरेल. कारण परिषदांचा कारभार थंडावला तरी विद्यार्थी, रोगी आणि कामकरी यांची सरहद्दीवरून चाललेली ये-जा थांबलेली नाही, आणि तिचे स्वरूप समजून घेण्यासाठी दिल्ली गाठण्याचेही कारण नाही. मुळशी तालुक्यातील लवळे पुरेसे आहे.

लवळ्याच्या टेकडीवर आज सिंबायोसिस विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर आहे, परंतु या संस्थेचे बीज पडले ते फर्ग्युसन महाविद्यालयाच्या वसतिगृहात. तेथे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक आणि वसतिगृहाचे रेक्टर असलेले डॉ. शां. ब. मुजुमदार यांना एकदा एक मुलगी खिडकीतून आत काही देताना दिसली. रेक्टरच्या मनात प्रथम जी शंका यावी ती आली, पण चौकशीअंती कळले की आत कावीळ झालेला मॉरिशसचा विद्यार्थी एकटाच पडून आहे आणि ती मुलगी त्याला जेवण पोहोचवीत आहे. परमुलुखातून शिकावयास आलेल्या मुलांची विचारपूस करणारे कोणी नाही, ही जाणीव त्या प्रसंगाने दिली, असे मुजुमदारांनीच सांगितले आहे, आणि १९७१ साली संस्था उभी राहिली ती याच जाणिवेतून. (ज्या मॉरिशसला एकोणिसाव्या शतकात आपल्याच कोकणातील मजूर उसाच्या मळ्यांवर गेले आणि जेथे त्यांचे वंशज अद्याप मराठी म्हणवून घेतात, त्या बेटावरील मुलगा पुण्यात परका ठरावा, हा योगायोग मला विलक्षण वाटतो.)

मंत्रालयांच्या दप्तरांत शिक्षण आणि आरोग्य ही खाती निराळी असतात. वसतिगृहाच्या खोलीत ती निराळी राहत नाहीत. आज त्या टेकडीवर इस्पितळ आहे आणि २०२० पासून महिलांचे वैद्यकीय महाविद्यालयही आहे. मात्र प्रवेशाच्या कागदांपाशी शेजाऱ्याशेजाऱ्यांत केवढे अंतर पडते, हे पाहण्यासारखे आहे. नेपाळच्या नागरिकाला भारतात येण्यास व्हिसा लागत नाही. बांगलादेशच्या विद्यार्थ्याला तो लागतोच, शिवाय १८० दिवसांहून अधिक मुदतीचा असेल तर पोहोचल्यापासून १४ दिवसांच्या आत परकीय नागरिक नोंदणी कचेरीत रुजू व्हावे लागते, आणि तो जेथे उतरेल तेथील व्यवस्थापकाला २४ तासांच्या आत त्याची माहिती कळवावी लागते. नियम अन्यायाचे आहेत असे मी म्हणत नाही. सुरक्षिततेचा विचार कोणत्याही राज्यास करावाच लागतो. पण शेजार हा शब्द आपण उच्चारतो तितका समतल नाही, एवढे ध्यानी असावे.

रोग मात्र असले भेद मानीत नाही. भारतातील देवीचा शेवटचा रुग्ण मे १९७५ मध्ये आसामातील करीमगंज येथे आढळला, आणि तो संसर्ग आला होता बांगलादेशातून. त्याच वर्षी तिकडच्या भोला बेटावरील साथ मिटली तेव्हाच आशिया खंडाने सुटकेचा श्वास घेतला. शेजाऱ्याच्या घरातील साथ ती आपलीच साथ, हा धडा तेव्हा मिळाला, आणि २०२१ मध्ये त्याची उजळणी पुण्याने केली. २० जानेवारी २०२१ रोजी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेल्या कोविडच्या लसीच्या १,५०,००० मात्रा भूतानला आणि १,००,००० मात्रा मालदीवला पोहोचल्या. दुसऱ्याच दिवशी नेपाळ आणि बांगलादेश यांची पाळी आली. भूतानने २७ मार्चपासून मोहीम हाती घेऊन अवघ्या दोन आठवड्यांत बहुतेक सर्व प्रौढांना पहिली मात्रा दिली. पुढे एप्रिलात आपल्याकडेच हाहाकार उडाल्याने निर्यात थांबली, आणि भूतानला दुसरी मात्रा जुलैमध्ये अमेरिका आणि युरोप यांच्या साहाय्याने द्यावी लागली. निर्यात थांबविण्याचा निर्णय त्या घडीला अपरिहार्य असेलही. पण एकाच कारखान्यावर अनेक घरांचा भार टाकणे हे सहकार्य नव्हे, ते अवलंबन होय, हे त्या उन्हाळ्याने दाखवून दिले.

आता तिसरे अंग, कामकऱ्यांच्या कौशल्याचे. आणि येथेच घोडे पेंड खाते. पुण्यात, वैकुंठभाई मेहता यांच्या नावाच्या सहकार-प्रबंध संस्थेच्या आवारात, कृषी-बँकिंगच्या आंतरराष्ट्रीय प्रशिक्षणाचे 'सिक्टॅब' हे केंद्र १९८३ पासून आहे. भारत, नेपाळ, श्रीलंका आणि बांगलादेश येथील संस्था त्याच्या सभासद आहेत. असे उपक्रम फारसा गाजावाजा न करता चालतात, म्हणून वर्तमानपत्रांच्या नजरेस पडत नाहीत. परंतु शिकवणे आणि शिकलेल्याची सनद मान्य करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. १९५० च्या भारत-नेपाळ तहाने उभय देशांच्या नागरिकांना एकमेकांच्या देशात राहण्यास आणि धंदा करण्यास मोकळीक दिली, त्यामुळे नेपाळचा तरुण पुण्यात पहारेकरी किंवा उपाहारगृहातील आचारी म्हणून उद्यापासून उभा राहू शकतो. तोच जर भारतात डॉक्टर होऊन स्वदेशी परतला, तर तेथील वैद्यक परिषदेची परीक्षा उत्तीर्ण झाल्याखेरीज त्याला रोग्यास हात लावता येत नाही. आपणही तेच करतो : नेपाळ आणि बांगलादेशातून वैद्यकीय पदवी घेऊन परतणाऱ्या भारतीय मुलांना २००२ पासून येथील चाळणी परीक्षा द्यावी लागते. अशी मुले थोडीथोडकी नाहीत. जुलै २०२४ मध्ये बांगलादेशात दंगल उसळली तेव्हा हजारो भारतीय विद्यार्थी तेथून परत आले. विद्यादानाचा ओघ केवळ आपल्याकडून वाहतो, हा आपल्या सुशिक्षितांचा लाडका समज त्या एका महिन्यात खोटा ठरला.

रोग्याच्या जिवाशी गाठ असल्याने परीक्षा असावी, याविषयी दुमत नाही. माझा आक्षेप आहे तो प्रत्येक राष्ट्राने आपापली वेगळी वेस बांधण्याला. दिल्लीचे दक्षिण आशियाई विद्यापीठ २०१० मध्ये सुरू झाले ते सार्कच्या सर्व सदस्य राष्ट्रांनी त्याची पदवी मानावी या करारावरच. म्हणजे ही तजवीज अशक्य कोटीतील नव्हे. तीच परिचारिका, प्रयोगशाळा-तंत्रज्ञ आणि वीजतंत्री यांच्या प्रमाणपत्रांपुरती जरी प्रथम दोन-तीन देशांनी अंगीकारली, तरी दहा नव्या शिष्यवृत्त्यांहून तिचे मोल अधिक ठरेल, असे माझे मत आहे. ती कोणत्या मार्गाने व्हावी आणि तिच्या आड कोणाचे हितसंबंध येतात, याचा विचार पुढील लेखांकात करू. वाचकांपैकी ज्यांच्या घरातील मुले शेजारच्या देशात शिकून आली आहेत, त्यांनी आपला अनुभव तोपर्यंत अवश्य कळवावा.